नंदीचा डावा कान

ठाणे पूर्व नागपूर. दिनांक २ सप्टेंबर १९७८, शनिवार, पोळा. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटे.

नाव वामन गंगाधर मुलमुले, वय त्रेपन्न वर्षे, धंदा वर्तमानपत्राचा बातमीदार, त्यापूर्वी संस्कृत पाठशाळेत शिक्षक, राहणार महाल, नागपूर.

मी समक्ष हजर होऊन सांगतो की, मला कोणी बोलावलेले नाही. मी आपण होऊन, महालातून सायकल हाणत आलो आहे. त्यामुळे सुरुवातीच्या दोन ओळींत मला धाप लागलेली होती. ती लिहून घेतलेली नाही.

मला रोज एक चित्र काढण्याची सवय आहे. ही सवय अकरा वर्षांची आहे. मी चित्रकार नाही. माझी माणसे बहुतेक सारखीच दिसतात आणि बैल माणसांपेक्षा बरे येतात. घरी असलो तर स्टोव्ह, फडताळ किंवा वाळत घातलेली धोतरे काढतो. बाहेर असलो तर सीताबर्डीचा बसथांबा, कोराडीहून येणारी राखेने पांढरी झालेली बस, लकडगंजातल्या आरागिरण्या, असे जे समोर येईल ते काढतो. माझी पत्नी इंदुताई हिचे म्हणणे असे की, "अहो, स्टोव्हचं चित्र काढायला वेळ आहे, घासलेट आणायला नाही." हे म्हणणे खरे आहे. प्रत्येक चित्राखाली मी तारीख, वार आणि वेळ टाकतो.

चंपत लहानुजी मिस्त्री, वय सुमारे साठ, धंदा सुतारकाम, यांस मी ओळखतो. लकडगंजात त्यांचे टिनाच्या छपराचे दुकान आहे. तान्ह्या पोळ्याला घरोघरची मुले जे लाकडी नंदी मिरवत आणून तोरणाखाली रांगेत लावतात, ते घडवण्यात त्यांचा हात धरणारा त्या भागात कोणी नाही. तीस वर्षे त्यांनी लोकांचे नंदी घडवले. यंदा पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या घरासाठी घडवला. तान्हा पोळा उद्या आहे. काल संध्याकाळी चंपतरावांना आणि नंदीला ठाण्यात आणले. चंपतराव कोठडीत आहेत आणि नंदी टेबलावर आहे. नंदीला खुर्चीही देऊ केली होती असे कळते.

फिर्यादी आनंदराव धवड, धान्याचे आडते, यांच्या आजोबांच्या वेळचा सागवानी नंदी धुऊन अंगणात वाळत ठेवला असता २० ऑगस्ट, रविवारी दुपारी चोरीस गेला. हे मी नाकारत नाही. तो नंदी मी पाहिलेला आहे, तो देखणा होता. परवा चंपतरावांच्या दुकानात तसाच, तेवढाच, दीड हात उंचीचा नंदी आनंदरावांना दिसला. रंग ताजा होता. त्यावरून त्यांनी ओळखले की नंदी आपला आणि रंग चोराचा. माझ्या समक्ष आज ते म्हणाले, "मिस्तरीच्या घरी एवढा मोठा नंदी असते काय, पंडितजी? तुम्हीच सांगा." मी सांगतो की, असतो. तो टेबलावर आहे.

१० ऑगस्टपासून ३१ ऑगस्टपर्यंत रोज सकाळी साडेसातला मी चंपतरावांच्या दुकानासमोर पालथ्या डब्यावर बसून तो नंदी होताना काढला. एकूण चित्रे बावीस, ती वही मी बरोबर आणली आहे. पहिल्या चित्रात सागवानाचा नुसता ओंडका आहे आणि तो माझ्याकडून फार चांगला आलेला आहे. तेराव्या तारखेला चार पाय सुटे झाले. सोळाव्या तारखेला वशिंड वर आले. त्या दिवशी मी डब्यावरून उभा राहिलो आणि डबा नालीत गेला. लाकडातून जनावर कसे बाहेर येते हे मी त्रेपन्न वर्षांत पाहिलेले नव्हते. चंपतराव म्हणाले, "बसा न जी, तो पळून नाही चालला."

म्हणजे आनंदरावांचा नंदी चोरीस गेला त्या वीस तारखेच्या आधीच हा नंदी चार पायांवर उभा होता.

फौजदारसाहेबांनी वही पाहिली आणि विचारले की, चंपतराव वर्षाला दहा नंदी करतात, तर वहीतला नंदी तो हाच कशावरून? प्रश्न योग्य आहे. मी उत्तर दिले की, कानावरून. २२ ऑगस्ट, मंगळवारी सकाळी सात पन्नासला डाव्या कानात लाकडाची गाठ लागली, पटाशी सरकली आणि कान तुटला. चंपतराव अर्धा तास तो तुकडा हातात घेऊन बसले. मीही चित्र काढण्यापलीकडे काही केले नाही. पंचवीस तारखेला, माझे चित्र काढून झाल्यावर, त्यांनी नवा कान कोरला आणि बांबूची खुंटी घालून सरसाने बसवला. रंगाखाली तो जोड आहे, रंग काढून पाहावा. आनंदरावांचा नंदी एकाच ओंडक्याचा, कुठेही जोड नसलेला, हे त्यांनीच फिर्यादीत लिहून दिले आहे.

यावर आनंदरावांनी वही मागून घेतली आणि ते पाने उलटू लागले. ते हिशेबी माणूस आहेत. त्यांनी २४ ऑगस्टचे पान काढून साहेबांपुढे ठेवले. त्या चित्रात नंदीला दोन्ही कान शाबूत आहेत.

फौजदारसाहेब म्हणाले, "पंडितजी, बावीसला कान तुटला, तेवीसला तुटलेलाच, चोवीसला उगवला आणि पंचवीसला परत तुटलेला. हा बैलाचा कान आहे की पालीचं शेपूट?"

हवालदार ओमप्रकाश, जे हा जबाब लिहीत आहेत, ते हसले. हे वाक्य लिहिण्यास ते तयार नव्हते. मी लिहावयास लावले आहे.

आनंदराव म्हणाले, "चित्राचं काय जी, काढलं तसं निघते. असल्या वहीच्या भरोशावर देवाच्या मूर्तीले हात लावू देणार नाही मी."

कोठडीतून चंपतराव माझ्याकडे पाहत होते. चोवीस तारखेला मी आलो नव्हतो हे त्यांना माहीत होते.

त्यावर मी सांगतो की, २४ ऑगस्ट, गुरुवारी मी लकडगंजात गेलो नाही. पाऊस नव्हता. सायकल नीट होती. इंदुताईंनी पाटवड्यांचा रस्सा केला होता, मी दोनदा वाढून घेतला आणि आडवा झालो. संध्याकाळी घरी बसून, आठवणीने, नंदी काढला. तुटका कान मला बघवत नव्हता म्हणून दोन्ही काढले. खाली वेळ मात्र सकाळची साडेसात टाकली, कारण रोजच्या सवयीत खंड दिसू नये. अकरा वर्षे रोज पाहून चित्र काढतो असे मी गावभर सांगत आलो आहे, या ठाण्यातही आता तसेच सांगितले. ते खोटे आहे. प्रत्यक्ष आणि स्मृती यांत भेद करावा, स्मृतीला प्रमाण मानू नये, हे मी पाठशाळेत पोरांना छडी हातात घेऊन शिकवले आहे. बाकीची एकवीस चित्रे प्रत्यक्ष आहेत. हे एक नाही. साहेबांच्या सांगण्यावरून मी त्या चित्राखाली "घरी निजून उठल्यावर काढले" असे लिहून सही केली आहे.

मग फौजदारसाहेब म्हणाले, "जो माणूस रश्शासकट कबूल करते, तो कानाबद्दल खोटं काहून बोलंन?" आणि त्यांनी ओमप्रकाश यांस रंग खरवडण्यासाठी चाकू आणावयास सांगितले.

तेव्हा चंपतराव गजांना धरून ओरडले, "चाकू नोका लावू जी! हातभर खराब कराल त्याले. गरम पानी आणा, मी काढतो." सरस गरम पाण्याने सुटतो, असे त्यांनी समजावून सांगितले. समोरच्या हॉटेलातून चहाची किटली नुसते उकळते पाणी भरून आणली. चंपतरावांना बाहेर काढले. त्यांनी गमछा पाण्यात बुडवून नंदीच्या डाव्या कानाच्या मुळाशी धरला, परत बुडवला, परत धरला. असे सहा वेळा. मी मोजले. ठाण्यातले सर्व लोक टेबलाभोवती जमले होते, फिर्याद द्यायला आलेल्या एक बाईही आपली फिर्याद सोडून आल्या आणि म्हणाल्या, "हळू वं माय, त्याले पोळंन."

बारा वाजून पाच मिनिटांनी रंगाला केसाएवढी चीर गेली. चंपतरावांनी दोन बोटांनी कान फिरवला. कान निघाला. आत बांबूची खुंटी होती.

मी मोठ्याने ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. ओमप्रकाश म्हणतात की ते संस्कृतात होते.

आनंदरावांनी कान हातात घेतला, खुंटी पाहिली, परत दिला. नंदीच्या पाठीवर हात ठेवून ते म्हणाले, "अगदी तसाच आहे गा. मंग आमचा कुठं गेला?"

चंपतराव म्हणाले, "तुमचाच पाहून तं केला न जी. दरसाल पाहत आलो. डोळ्यात बसला होता तो."

आनंदरावांनी आपली फिर्याद चंपतरावांविरुद्ध नाही, अज्ञात चोराविरुद्ध आहे, असे लिहून दिले. सही करताना ते म्हणाले, "उद्या तोरणाखाली आमच्या नंदीची पहिली जागा खाली राहीन, चंपत. तू लाव तिथं."

चंपतराव म्हणाले, "नाही जी. तुमची जागा तुमच्या नंदीची. सापडला म्हणजे मीच आणून लावीन. मी माहा मागं लावतो." मग त्यांनी कान सदऱ्याच्या खिशात घातला आणि साहेबांना विचारले की, आता गेलो तर चालेल काय, कारण सरस वाळायला उद्या दुपारपर्यंतचा वेळ लागतो.

साहेबांनी जा म्हटले. नंदी उचलताना एका बाजूने ओमप्रकाश यांनी आणि दुसऱ्या बाजूने आनंदरावांनी हात दिला.

माझी वही पुरावा म्हणून ठाण्यात जमा केली आहे. वरील मजकूर हवालदार ओमप्रकाश यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे, आणि त्यातला पाटवड्यांचा भाग गाळावा काय असे त्यांनी विचारले असता, गाळू नये असे सांगून मी सही करीत आहे.

वामन गंगाधर मुलमुले
समक्ष : हवालदार ओमप्रकाश
वेळ दुपारी एक वाजता