चार्जिंगला लावलेल्या फोनची वाट

तुम्ही हसाल, पण डिचोलीतल्या त्या गावचा नकाशा मी अजून कुणाला दाखवलेला नाही.

गावकऱ्यांनीच गावाचा नकाशा करावा म्हणून आम्ही देवळाच्या मंडपात शिबिर ठेवलं होतं. फोन घेऊन चालायचं, वाटेची रेघ आपोआप उमटते.

सगळे चालायला निघताना शिबिरातल्या शांतामावशीने मला विचारलं, "बाय, राखणदाराक गाऱ्हाणं घातलंस मां?"

नव्या कामाआधी गाव राखणाऱ्या त्या अदृश्य राखणदाराला नारळ ठेवून सांगायची तिथली रीत. मी म्हटलं, "ऊन चढतंय मावशी, संध्याकाळी घालू."

दुपारी सगळे परतले, तेव्हा रेघा पडद्यावर लावल्या. एक रेघ शिवेवरच्या वडापासून निघून शेतांतून थेट मंडपात येऊन संपली होती.

"ही कोणाची?"

माझ्याच फोनची. तो तर सकाळपासून इथेच मंडपात माझ्यासमोर चार्जिंगला होता.

"फोन चुकतो कधीकधी," मी म्हटलं, पण माझं मलाच पटेना.

मावशीने रेघेवरून बोट फिरवलं. "राखणदार ह्याच वाटेन फिरता. इलो तर खरो," ती हळूच म्हणाली, "पण परत गेल्याची रेघ खंय आसा?"