अर्धी सोडायची नाय

छावणीतल्या दवाखान्यात चौऱ्याऐंशीच्या लीलाबाई नंबर लावून बसल्या होत्या. पुढच्या बाकावर देवगाव रंगारीच्या सोनियाला तिच्या शाळेतल्या मेघामॅडम भेटल्या होत्या.

"मॅडम, सासूबाईंसाठी एखादी जुनी, नावाजलेली कादंबरी सांगा ना."

"एक आहे. सहाशे पानं, पण दोन दिवसांत संपते बघ."

"मग नको. डॉक्टर म्हणले, महिनाच हाय त्यांचा. पोथी लावली की अर्धी सोडायची नाय, हा त्यांचा नेम. कादंबरीलाबी तोच लावत्यात. संपेस्तोवर काय त्या मरायच्या नाय."

"अगं, मग दुसरी सांगते. नायक पहिल्या भागात बैलगाडीत बसतो, तो तिसऱ्या भागात उतरतो."

"लई रटाळ हाय व्हय?"

"थोर म्हणतात तिला. मी बारा वर्षं वाचतेय."

"कितव्या पानावर आलात?"

"चाळिसाव्या."

"तीच द्या, मॅडम."

"देते, पण शेवटची पानं वाळवीनं खाल्लीत गं."

"मग तर लईच बेस झालं."

लीलाबाईंचा नंबर पुकारला. त्या उठल्या आणि मॅडमपाशी थांबल्या.

"बाई, वाळवी लागलेली अजून एखादी प्रत मिळंल का?"