मावशींच्या वाट्याची नळी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष सन्माननीय बसवराजअप्पा, आयुष्यात पहिल्यांदाच खुर्चीवर आणि तेही बळेच बसवलेल्या आमच्या सत्कारमूर्ती गोजरमावशी, ही जागा देणारे तालमीचे वस्ताद, गिरणीतले माझे सोबती, आणि नुसत्या वासावर मागच्या दारात येऊन उभे राहिलेले सज्जन हो,

आधी अध्यक्षांची क्षमा मागतो. अप्पा लिंगायत, शुद्ध शाकाहारी. मावशींच्या खानावळीची जागा त्यांची. रविवारी ते त्या बोळातून कधी गेले नाहीत, पण 'जागा सोडा' असंही कधी म्हणाले नाहीत. आज आम्ही त्यांची खुर्ची वाऱ्याच्या उलट बाजूला मांडली आहे. तरी अप्पा, भाषण मटणावरच होणार. मावशींबद्दल बोलायचं आणि मटण टाळायचं, म्हणजे गड्ड्याच्या जत्रेला जाऊन नंदीध्वज न पाहता परत यायचं.

मी रावजी, गिरणीतला टाइमकीपर. बायको गेली तेव्हापासून मावशींच्या पंगतीत आहे. उद्या सकाळच्या गाडीनं मावशी कुर्डुवाडीला आणि तिथून छोट्या गाडीनं बार्शीकडे लेकीच्या गावी जाणार. कायमच्या. चुलीच्या धुरानं डोळे गेले. आता समोर माणूस आहे की खांब, एवढंच कळतं. लेक दुर्गा आणि जावई नारायणराव ही भली माणसं आहेत, त्यांच्याबद्दल वावगं बोलणार नाही. पण घर माळकरी. त्या घरात या हाताला काम काय?

हा हात काय होता, ते सांगू? बोकड बघून सगळेच आणतात. पण मटण हळद-मिठात वाफेला लावलं, की मावशी पातेल्याच्या झाकणात पाणी ओतून ठेवायच्या, आणि ते तापलं की तेच आत घालायच्या. गार पाण्याचा थेंब पडू द्यायच्या नाहीत. "गार पानी वतलं की मटान रुसतंय," म्हणायच्या. मग पहिलं अळणी पाणी बाजूला निघायचं. ते पंगतीचं नव्हे. ते गल्लीतल्या बाळंतिणीचं, तापातून उठलेल्याचं. त्यानंतर निखाऱ्यावर भाजलेला कांदा, खोबरं, तीळ आणि वर्षाचं काळं तिखट पाट्यावर वाटून रस्सा. कलेजी तव्यावर, रक्ती कांद्यात परतून, आणि थंडीत पाय रात्रभर चुलीच्या वैलावर. आणि खायचं कसं? ज्वारीची भाकरी कुस्करायची, मधे आळं करायचं, त्यात रस्सा. कांदा बुक्कीनं फोडायचा. चमच्यानं जेवणाऱ्याला मावशी दुसऱ्यांदा विचारत नसत.

अध्यक्ष महाराज, आपण रुमाल नाकाला लावलात. हरकत नाही. मी आटोपतं घेतो.

पण मंडळी, एक प्रश्न विचारू? इतक्या वर्षांत मावशींना मटण खाताना तुमच्यापैकी कोणी पाहिलं? मी पाहिलं नाही. खानावळीचा त्यांचा नेम असा, की शेवटचा माणूस जेवला की मग आपण. आणि गिरणीत शेवटचा माणूस कधी असतो का? कोणीतरी उशिरा यायचंच, आणि मावशींच्या वाट्याचं त्याच्या पानात जायचं. त्या आपल्या शेंगाचटणीशी भाकरी खाऊन चूल सारवायच्या. मला वाटायचं, आवडतच नसेल बाईला.

मग एकदा, पाटा धुता धुता, त्या आपणहून बोलल्या. माहेरच्या गावी पिराची कंदुरी व्हायची. नवसाचा बोकड मुलाण्यानं कापायचा, साऱ्या गावानं तिथंच बसून जेवायचं, घरी तुकडा न्यायचा नाही. "माजा बा मला मांडीशी घिऊन बसायचा," मावशी म्हणाल्या. "नळी जेवनाच्या पितळीवर ठोकायचा, टाक, टाक. आतला गर माज्या भाकरीवर पडायचा. लगीन झालं आन् ते संपलं की वो. समद्यांस्नी वाडली नळी, पर माज्यासाटी कोन ठोकनार?"

पुढं मावशींचं जाणं ठरलं, तेव्हा मी हे सगळ्यांना सांगितलं आणि आम्ही ठरवलं, की निरोपाच्या दिवशी मावशी पहिल्या पंगतीला पहिल्या पानावर बसणार, आणि नळी त्यांची. ठरवलं आणि तोंडाला कुलूप लावलं, कारण अचानक करायचं होतं! काळं तिखटसुद्धा "दुसऱ्या एकाच्या घरचं कार्य आहे" म्हणून त्यांच्याकडूनच करून घेतलं. दिवसही ठरला. पण त्या रविवारी संकष्टी निघाली. उपास करणारे म्हणाले, आम्ही काय नुसतं बघत बसायचं? पुढं ढकललं. पुढच्या रविवारी एकादशी. पुन्हा ढकललं. आम्ही शहाण्यांनी पंचांग चाळून चाळून आजचा निर्दोष दिवस काढला.

आणि त्या एकादशीला नारायणराव आले, आणि त्यांनी मावशींच्या गळ्यात तुळशीची माळ घातली. लेकीच्या चुलीपाशी बसायचं तर घालणं भाग होतं. आम्हांला पत्ता नाही. विचारलंच नव्हतं, तर सांगणार कोण?

आज सकाळी मानसिंगनं, आपल्या साच्याखात्यातल्या मानसिंगनं, कलेजीचा पहिला तुकडा मीठ बघायला म्हणून त्यांच्यापुढं धरला. मावशींनी वास घेतला. हसल्या. आणि पदर बाजूला करून माळ दाखवली. "मानसिंगा, आट दिस आदी का न्हाय रं आनलंस?" एवढंच म्हणाल्या. तो पठ्ठ्या तिथंच चुलीपुढं बसून रडला. मी त्याची समजूत घालायला गेलो, आणि त्याच्याशेजारीच बसलो.

मंडळी, निरोपाच्या भाषणात धीराचं बोलावं अशी रीत आहे. माझ्यापाशी धीराचं काही नाही. एका बाईनं जन्मभर आपल्याला जेवू घातलं आणि आपल्याला तिला एकदा जेवू घालता आलं नाही. उद्यापासून त्या बोळात चूल पेटणार नाही. दुसरी खानावळ मिळेल, पोट काय, कुठंही भरतं. पण हे आता भरून येण्यासारखं नाही. पुढच्या रविवारी नाही, कुठल्याच रविवारी नाही.

काय म्हणता मावशी? नाही, बसा, बसा, उठू नका. काय?

मंडळी, मागच्यांना ऐकू आलं नसेल, म्हणून सांगतो. मावशी म्हणतात, "रावजी, लई झालं तुमचं बोलनं. रस्सा गार हुतुय, पोरं उपाशी हायती. माजं पान मांडलंय न्हवं? त्या पानावर तुमी बसा. नळी तुमी घ्या. आन् पितळीवर जोरानं ठोका. खायाला बंदी हाय, ऐकायला न्हाय."

बसतो, मावशी. जोरानंच ठोकतो.

अध्यक्षांचे, वस्तादांचे आणि चुलीपुढं घाम गाळणाऱ्या मानसिंगचे मी आभार मानतो. अप्पा, आपल्यासाठी शेजारच्या खोलीत दूध-केळी ठेवली आहेत. बोलण्यात उणंअधिक झालं असेल, मटण जून राहिलं असेल, तर तेही पोटात घाला. आता सगळ्यांनी पानावर बसावं. आणि मंडळी, शेवटची एक विनंती. मी नळी ठोकेन तेव्हा माझ्या डोळ्यांना धार लागली, तर कोणी काही बोलू नका. मावशींना दिसत नाही. त्यांना फक्त ऐकू द्या.