साबणाचं रील आणि पोह्याचे पापड

माझ्या रोह्याच्या ताईची गंमत तुम्हाला सांगायची राहिलीच. एका साबण कंपनीने तिच्याकडून जाहिरातीचं रील करून घेतलं. ताईने गच्चीवर भावोजींचा शर्ट घासून धुतला आणि साबण हसत कॅमेऱ्यापुढे धरला. मागे तिचे पोह्याचे पापड वाळत होते. रील तुफान चाललं. मी पेणला बसून कमेंट वाचत होते. साबणाचं नावच नाही, जो तो विचारतोय, "ताई, पापड विकता का?"

मग कंपनीतून फोन आला. ताई घाबरलीच. "साहेब, पापड चुकून दिसले हो, परत नाय दिसणार!"

"असू द्या ताई. मिरीचे आहेत का? ऑफिसात सगळ्यांना हवेत."

"आणि साबणाचं काय?"

"तो आमच्याकडे भरपूर पडलाय!"