लुगडी वाळत घालायची तार

आजच्या निरोप समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, संस्थेचे चिटणीस साहेब, मुख्याध्यापक महोदय, व्यासपीठावरील पाहुणे, माझे सहकारी, विद्यार्थी आणि पूर्णाकाठाहून गाडी जुंपून आलेले देवराव व पार्बताबाई,

शाल मिळाली, नारळ मिळाला. मनापासून आभारी आहे. सोबत एक कागदही मिळाला आहे. ‘माझी चूक झाली’ असं त्यात टाईप केलेलं आहे, खाली फक्त माझी सही हवी. सही केली की शाळेचा रेडिओ संच कपाटातून बाहेर निघेल, असं मला काल सांगण्यात आलं.

चूक कोणती, हे सभागृहाला कळायला नको का?

एकोणतीस वर्षं मी, शालिकराम, इथल्या प्रयोगशाळेत परिचर होतो. हौशी रेडिओचा, म्हणजे संचावरून दूरच्या माणसांशी बोलण्याचा, परवाना परीक्षा देऊन मिळवला, तेव्हा याच सभागृहात टाळ्या वाजल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी देवरावांच्या गावी श्रमदान शिबिराला मी शाळेचा संच घेऊन गेलो. पुस्तकाप्रमाणे मोजून कापलेली एरियलची तारही नेली होती. ती पहिल्याच दिवशी बैलांच्या पायात येऊन तुटली. (पुढे मला मेमो आला, बैलांना गेला नाही.) तिसऱ्या दिवशी नदी चढली, रस्ता बुडाला, आणि देवरावांच्या घरी पार्बताबाई बाळंतपणात अडलेल्या.

अंगणात घरापासून निंबापर्यंत कपड्यांची तार होती. मी ती सोडायला लागलो.

“मास्तर, काहून मजाक करता? ह्या तारीवर तं लुगडे वाळतात!”

“आज ते बोलते, देवराव. लुगडे काढा.”

तार कितीही लांब-आखूड असो, संचाशी तिचं जुळवून द्यायला मधे एक पेटी लागते. तिला ट्यूनर म्हणतात. माझ्या पेटीत बांबूच्या नळीवर गुंडाळलेली तांब्याची तार आणि जुन्या रेडिओचा फिरता कंडेन्सर आहे, बस्स. तारेचं टोक निंबावर फेकलं, नांगराचा फाळ ओल्या काळ्या मातीत रोवून संचाला अर्थिंग दिलं, आणि तार जुळल्याची खूण म्हणून छोटा बल्ब उजळेपर्यंत बटणं फिरवली. भर दुपारी अकोल्याच्या सहदेवरावांनी, तेही हौशी रेडिओवालेच, आपल्या संचावर माझी हाक ऐकली. त्यांनी दवाखान्याला फोन लावला. पाच वाजता पलीकडून डोंगा आला, त्यात नर्सबाई होत्या.

त्या रात्री जन्मलेली पोरगी आज तिसऱ्या रांगेत पेढा खात बसली आहे.

आठ दिवसांनी मेमो आला आणि संच कपाटात बंद झाला. संच परवानगीशिवाय बाहेर नेला, अप्रमाणित तार वापरली. ‘परिचराला एवढी अक्कल कुठून आली?’ हे मेमोत नव्हतं, पण कचेरीत मी माझ्या कानांनी ऐकलं. मला फार लागलं ते. छप्पन साली धम्म घेतला तेव्हापासून मान वर ठेवून बोलतो आहे. ती आज शाल पांघरून खाली घालू?

‘पोरांसाठी तरी सही करा,’ असं काही जण म्हणाले. त्यावर मी खूप विचार केला. विज्ञानाच्या सुभद्राबाईंनी गेल्याच महिन्यात परवान्याची परीक्षा पास केली. बाई, जरा पुढे या. कपाट शाळेचं, संच शाळेचा. ही पेटी माझी आहे, आणि ती आता तुमची. रविवारी माझ्या अंगणात नवा संच जुळवू. ज्या पोरांना शिकायचं, त्यांनी यावं. तार कोणतीही चालेल.

हा कागद जसा आला तसा, सहीविना, परत करतो. आपण सर्वांनी एवढं ऐकून घेतलंत, उपकार झाले. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला.

चूक मात्र माझ्या हातून एक झाली आहे. पार्बताबाई, तुमची तार मी परत बांधून दिली नाही. तेवढी माफी, हात जोडून, तुमच्याजवळ मागतो.