पाचवा फाउल

(गाडी. बाबा चालवतायत, लेक त्यांच्या शेजारी. मागच्या सीटवर आई, अंगावर चादर, डोळे मिटलेले.)

बाबा : ...म्हणजे मी घसा फोडून ओरडत होतो, ते तुला ऐकूच आलं नाही म्हणतेस?

लेक : हळू बोला. आईला आत्ता कुठे डोळा लागलाय.

बाबा : हळूच बोलतोय. ऐकू आलं होतं की नाही?

लेक : आलं होतं.

बाबा : काय ओरडलो मी?

लेक : 'दार लाव.'

बाबा : म्हणजे काय?

लेक : बाबा, मी काय आज खेळायला लागलेय?

बाबा : तुझ्या तोंडून ऐकायचंय मला.

लेक : आपली तीनची आघाडी. चेंडू त्यांच्याकडे. लांबून बास्केट झाली की तीन पॉइंट आणि बरोबरी. म्हणून ती टाकायला चेंडू उचलायच्या आधीच फाउल करायचा. आपले टीमचे फाउल भरलेले, त्यामुळे तिला दोन फ्री थ्रो मिळणार. दोन्ही पडले तरी आपण एकने पुढे. झालं?

बाबा : पाठ आहे की सगळं! मग कोर्टवर काय झालं? त्या डावखुरीसमोर हात पसरून उभी राहिलीस, पाहुण्यांचं स्वागत केल्यासारखी.

लेक : मला वाटलं, अडवता येईल.

बाबा : तिला? अख्ख्या मॅचमध्ये एकदा तरी अडवली होतीस?

लेक : नाही.

बाबा : तुझ्या नाकासमोर चेंडू टप्पे खात होता. चेंडूवर हात मारायचा, मनगटाला लागला असता, पंचाने शिट्टी वाजवली असती. एवढंच काम होतं. ते नाही जमलं. तिने टाकला, पडला, बरोबरी. मग जादा वेळात आपण काय दिवे लावले ते सगळ्यांनी बघितलंच.

लेक : माझ्यामुळे हरलो. म्हटलं ना मी तसं. सगळ्यांसमोर म्हटलं.

बाबा : म्हटलंस, उपकार झाले. गोटी बूटसुद्धा न काढता भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिचं हे शेवटचं वर्ष टीममध्ये. तिला काय सांगू मी? आमच्या राणीसाहेबांना वाटलं, अडवता येईल?

लेक : गोटीचं नाव काढू नका ना.

बाबा : का नको? तू बाहेर आली असतीस तर तीच आत जाणार होती. जर्किन काढून तयार उभी होती बिचारी.

लेक : तेच तर.

बाबा : काय तेच?

लेक : काही नाही. पुढे बघा, सिग्नल लागलाय.

बाबा : दिसतोय मला सिग्नल. 'तेच तर' म्हणजे काय?

लेक : माझ्यावर चार फाउल होते, बाबा. पाचवा झाला की मॅचमधून बाद.

बाबा : माहितीये. म्हणून तर तुला सांगितलं. बाकीच्या पोरींना सांभाळायचं, पाचवा तू घ्यायचा आणि बाहेर यायचं. सराव केलाय आपण याचा. टीमच्या कामाचा फाउल तो, त्यात लाज कसली?

लेक : लाज नव्हती वाटत.

बाबा : मग काय? अगं, चिमूटभर वेळ उरला होता! तेवढ्यासाठी तुला कोर्ट सोडवेना?

लेक : आई बघत होती!

बाबा : हळू.

लेक : नाही, आता ऐका. डॉक्टर काय बोलले ते मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? आजसुद्धा ते सोडायला तयार नव्हते. तुम्ही हातापाया पडून तिला आणलंत. पुढच्या मॅचला आई नसणार. म्हणजे... येणार नाही. मला तिला कोर्टवरच दिसायचं होतं, शेवटची शिट्टी होईपर्यंत. मान खाली घालून बाहेर येताना नाही. तिने मला शेवटचं तसं बघायला नको होतं.

बाबा : मला सांगायचंस तरी.

लेक : कधी? तुम्ही ओरडत होतात.

बाबा : हो. ओरडतच होतो. कप तिच्या मांडीवर आणून ठेवायचा होता मला. एवढंच डोक्यात होतं. नाहीतर मी एवढा ओरडतो का कधी?

लेक : ओरडता.

बाबा : ओरडतो. पण आज कुणासाठी ओरडत होतो, ते तुला कळायला हवं होतं.

लेक : सॉरी, बाबा.

बाबा : राहू दे आता.

आई : मला... कुणी विचारणार आहे का?

लेक : आई! तू जागी होतीस?

आई : तुम्हा बापलेकीचं हळू बोलणं म्हणजे... मेलेला माणूस उठून बसेल.

बाबा : पाणी देऊ? गाडी थांबवू का?

आई : नको. तू चालव. ऐक गं. 'दार लाव' हे कुणाचं?

लेक : तुझं. तू खेळायचीस तेव्हाचं.

आई : आणि माझ्याच पोरीने... माझ्यासमोर दार सताड उघडं टाकलं. मीही ओरडले बसल्या जागेवरून. पण आवाज कुठे राहिलाय.

लेक : मी बघितलं तुझ्याकडे. मला वाटलं, तुला दुखतंय.

आई : दुखत होतंच. पण ओरडत होते.

लेक : रागावलीस?

आई : छे गं. पहिल्यांदा चेंडू नाकावर आपटून घेतलास, तेव्हापासून बघतेय तुला खेळताना. पोट भरलंय माझं. अजून जरासं बघून... काय वेगळं होणार होतं?

लेक : मग का ओरडलीस?

आई : पाचवा झाला असता तर तू बाहेर आली असतीस. बाबाने मला टीमच्या खुर्च्यांच्या टोकाला बसवलं होतं ना. शेजारची खुर्ची मी अडवून ठेवली. तुमच्यातल्या दोघी बसायला आल्या, दोघींना उठवलं. म्हटलं, इथे माझी लेक येतेय.

लेक : पण पाचवा झाला की, जादा वेळात. आले होते मी बाहेर.

आई : तोवर मला धाप लागली. तुझ्या मावशीने बाहेर हवेत नेलं. मी नाही म्हणत होते तिला.

लेक : मी आले तेव्हा दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या. मी तिथे नाही बसले, आई. पलीकडे जाऊन बसले.

आई : असू दे. तुला काय माहीत.

लेक : बाबा, गाडी जरा बाजूला घ्या.

बाबा : अगं, पुढच्या वळणावर दवाखाना आलाच.

लेक : म्हणूनच घ्या. मला मागे बसायचंय.