चूलबंद आवतण

मंडळी, बसलात का सगळे? मग आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. देवाचे आभार मानायला माणसं किती लागतात? एक पुरतो, की बाराशे लागतात?

हसू नका. बोरवंडच्या गेनबा आबांना बाराशे लागली!

आबा म्हणजे गावचे सरपंच. मोठा खटपट्या माणूस. महामारी आली तशी वेशीत बाभळीच्या काट्या टाकल्या, रस्ता बंद केला, काठी घेऊन स्वतः पहाऱ्याला बसले. सख्खा जावई दारात आला — परत पाठवला! म्हणाले, "जावईबापू, फोनवर या." सहा महिने गावात एकाला ताप नाही. एवढं झाल्यावर माणसानं गप्प बसावं ना? पण गप्प बसेल तो सरपंच कसला!

आबांनी ठरवलं, रोग आला नाही म्हणून मरीआईपुढं गावजेवण घालायचं. घरोघर चूलबंद आवतण! आजच्या पोरींना ठाऊक नसेल — चूलबंद म्हणजे घरातल्या झाडून सगळ्यांनी यायचं, त्या दिवशी घरात चूल पेटवायचीच नाही. शिवाय शहरातले पाव्हणे. आता त्यांच्या गाड्या यायच्या कशा? वेशीतल्या काट्या कोणी काढल्या? आबांनीच, स्वतःच्या हातानं!

गावात औषधपाण्याचं बघणाऱ्या आशाताईनं, म्हणजे शेवंतानं, हात जोडले. "आबा, दोन महिने दम धरा. एवढी माणसं एका पंगतीला बसली, तर एकाचा रोग शंभरांना व्हायचा."

"तुझ्या तोंडून चांगलं कधी निघायचं नाही," आबा म्हणाले, आणि तिचं एकटीचं आवतण कापलं. त्या दिवशी अख्ख्या गावात शेवंताचीच चूल पेटली.

आबांची आई यमुनाबाई, ब्याऐंशी वर्षांची. आबांचा सगळा जीव तिच्यात. ती म्हणाली, "गेनू, मी घरीच बरी." आबा ऐकतात होय? पहिल्या पंगतीत, पहिल्या पाटावर बसवली. जो तो पाया पडायचा आणि तोंडाजवळ तोंड नेऊन विचारायचा, "ओळखलंस का म्हातारे?"

पाचव्या दिवशी म्हातारीला ताप भरला. अकराव्या दिवशी गेली. बाराशे जेवली मंडळी, पण खांद्याला चौथा माणूस मिळेना. सगळं गाव अंथरुणाला खिळलेलं.

मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भाकरी आणतात, ही आपली रीत. पण शेजाऱ्यांच्या तरी चुली कुठं पेटत होत्या? आबा ओट्यावर उपाशी बसलेले. तेवढ्यात शेवंता आली, तोंडाला पदर बांधून. भाकरी ओट्याच्या कडेला ठेवली, चार हात लांब बसली.

"आबा, दोन घास खा."

आबांनी भाकरी हातात घेतली. मग म्हणाले, "तुलाबी आवतण दिलं असतं, तर आज कोण आलं असतं गं?"

आता तुम्ही म्हणाल, काय वेडा सरपंच! खरं आहे. पण त्या जेवणाआधी तिथं दोन तास कीर्तन झालं. मांडव गच्च. माणसं मागं अंतर राखून उभी, तर बुवा म्हणतो कसा — "पुढं या, खेटून बसा, देवाच्या दारात अंतर कसलं!" कोण तो बुवा? विचारा की. का, लाज वाटते विचारायला?

तो बुवा तुमच्यापुढंच उभा आहे, मंडळी.

म्हणून सांगतो. तिसऱ्या ओळीत खोकणारे काका, रागावू नका, घरी जा. आजचं आख्यान उद्या तुमच्या अंगणात येऊन पुन्हा सांगेन, चार हात लांब उभा राहून. आणि बाकीच्यांनी जरा सरकून बसा. या वेळी लांब.